नाटक पुन्हा पाहतो, संग्रहालय एकदाच

माटुंग्यातल्या भाऊ दाजी रोडवर म्हैसूर असोसिएशनचं सभागृह आहे. तिथे कानडी नाटकं होतात, मैफली होतात, अधूनमधून एखादं मराठी प्रायोगिक नाटकही लागतं. रस्त्याला ज्यांचं नाव दिलं आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड १८७४ साली वारले, तेव्हा इथे शेतं आणि वाड्याच होत्या. १८९६ च्या प्लेगनंतर सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने दादर, माटुंगा, शीव हा भाग आखला. आपण ज्याला माटुंगा म्हणतो ते त्यानंतरचं. भाऊ दाजींची खरी वास्तू पाहायची तर भायखळ्याला, राणीच्या बागेत जावं लागतं. तिथल्या संग्रहालयाला त्यांचं नाव आहे. माटुंग्याहून धीम्या गाडीने पाचवं स्टेशन. गाडी नको असेल तर किंग्ज सर्कलहून निघणारा आंबेडकर रोड सरळ त्या बागेच्या दारावरून जातो.

इतकं जवळ असूनही माटुंगा-दादरकडच्या माणसाला विचारून पाहा. ‘यशवंत’ नाट्यगृहाला किंवा शिवाजी मंदिरला शेवटचं कधी गेलात, तर तो गेल्या महिन्यातलं नाटक सांगेल, त्यातलं कोण चांगलं, कोण वाईट हेही न विचारता सांगेल. भायखळ्याच्या संग्रहालयाचं विचारलं तर उत्तर येतं, ‘शाळेच्या सहलीला गेलो होतो की!’ म्हणजे पाहून झालं. आपल्याकडे संग्रहालय ‘पाहून होतं’. नाटक तसं कधी होत नाही. तेच नाटक नव्या संचात आलं तर आपण पुन्हा तिकीट काढतो. हा फरक का पडला, हे पाहण्यासारखं आहे. कारण या शहरात नाट्यगृह आणि संग्रहालय यांची सुरुवात एकाच पिढीने आणि बरीचशी त्याच माणसांनी केली.

१८४० च्या दशकात मुंबईला नवं नाट्यगृह हवं होतं. कोटातलं जुनं ‘बॉम्बे थिएटर’ कर्जापायी विकलं गेलं होतं. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांनी ग्रँट रोडवरची आपली जागा दिली आणि १८४६ साली तिथे नाट्यगृह उभं राहिलं. सुरुवातीला ते इंग्रजी नाटकांसाठी होतं. पण विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत सुरू केलेलं नाटक १८५३ मध्ये मुंबईत आलं आणि त्याचे प्रयोग याच रंगमंचावर झाले. त्याच वर्षी पारशी मंडळींची नाटकंही तिथेच सुरू झाली. मुंबईच्या मराठी, गुजराती आणि उर्दू रंगभूमीला मिळालेलं हे पहिलं पक्कं छप्पर.

हेच नाना पुढे संग्रहालयाच्या खटपटीत दिसतात. ती हकिकत लंडनपासून सुरू होते. १८५१ साली हाइड पार्कमध्ये काचेचा महाल उभारून जगातल्या कारागिरीचं मोठं प्रदर्शन भरलं आणि सुमारे ६० लाख लोकांनी ते पाहिलं. १८५५ साली पॅरिसमध्ये तसंच दुसरं प्रदर्शन झालं. त्याच्यासाठी मुंबई इलाख्यातून धान्याचे, कापसाचे, लाकडाचे, धातुकामाचे, विणकामाचे नमुने गोळा झाले आणि त्यांच्या जोडप्रती मुंबईतच ठेवून घेतल्या गेल्या. त्यातून १८५७ मध्ये कोटातल्या बराकीत छोटं संग्रहालय उघडलं. वर्ष कोणतं ते पाहा. उत्तरेत उठाव झाला, लष्कराला बराक हवी झाली आणि नमुन्यांची रवानगी रस्त्याकडे झाली. बरेचसे त्यातच गेले.

उरलेलं वाचवून त्याला स्वतःची इमारत मिळवून द्यायची, या कामाला तिघे लागले: जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी. बर्डवुड डॉक्टर आणि भाऊ दाजीही डॉक्टरच. गोव्यातल्या मांद्र्याकडचा हा मुलगा ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून १८५१ साली बाहेर पडला. दवाखाना चालवता चालवता त्याने शिलालेख वाचले, ताम्रपट आणि नाणी जमवली, कालिदासाच्या काळावर लिहिलं, कुष्ठरोगावर औषध शोधण्यात वर्षं घातली. मुंबईचे पहिले भारतीय शेरीफ तेच. त्यांच्या लेखी संग्रहालय हा नुसता व्हिक्टोरिया राणीला वाहिलेला नजराणा नसणार. जुनी वस्तू हा पुरावा असतो आणि पुरावा जपायला जागा लागते, हे त्यांना शिलालेख वाचतानाच कळलं असणार.

पैसा लोकवर्गणीचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, शेठ लोक खुल्या हाताने देत होते. १८६२ मध्ये पायाभरणी झाली. १८६५ साली तिकडे युद्ध संपलं, इकडे शेअरबाजार कोसळला, वर्गणीदारांचंच दिवाळं निघालं आणि बांधकाम अडलं. पुढचा खर्च सरकारला उचलावा लागला. नाना त्याच वर्षी वारले. इमारत लोकांसाठी खुली झाली ती १८७२ च्या मे महिन्यात, ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने. लंडनमधलं याच नावाचं जगप्रसिद्ध संग्रहालय तेव्हा ‘साउथ केन्सिंग्टन म्युझियम’ होतं. त्याला व्हिक्टोरिया-अल्बर्टचं नाव मिळालं १८९९ साली. म्हणजे नावापुरती तरी लंडनने मुंबईची नक्कल केली, असं म्हणायला हरकत नाही! आपल्याकडे १९७५ साली नाव बदलून भाऊ दाजींचं झालं.

या इमारतीचं नंतर पार मातेरं झालं होतं. गळकं छत, सुटलेला गिलावा, धुळीने आंधळी झालेली काच. २००३ साली महापालिका, वारसा जपणारी ‘इन्टॅक’ ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला, तस्नीम मेहता आणि वास्तुरक्षक विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली काम झालं, २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ साली दार पुन्हा उघडलं. ज्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलं ते त्याआधीचे असतील, तर त्यांनी हे संग्रहालय अजून पाहिलेलंच नाही.

आत शिरल्यावर आधी इमारतच पाहावी. ओतीव लोखंडाचे सडपातळ खांब, हिरवा रंग, त्यावरचं सोनेरी काम, इंग्लंडहून आणलेल्या मिंटनच्या रंगीत फरश्या. मधोमध अल्बर्टचा संगमरवरी पुतळा, डेव्हिड ससून यांनी दिलेला. त्यावर हिब्रू मजकूरही कोरला आहे. बगदादहून आलेल्या ज्यू व्यापाऱ्याने इंग्लंडच्या राणीच्या जर्मन नवऱ्याचा पुतळा मुंबईला दिला, त्यावर हिब्रूत लिहवून घेतलं. त्या काळातली मुंबई समजायला दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल.

मग वरच्या मजल्यावर जा. इथे थोरामोठ्यांच्या वस्तू फारशा नाहीत, इथे शहर आहे. सात बेटांचा उठावाचा नकाशा, होड्यांच्या प्रतिकृती, निरनिराळ्या जातीजमातींच्या पगड्या आणि पेहराव दाखवणाऱ्या मातीच्या लहान मूर्ती. या मूर्तींपुढे थोडं अडखळायला होतं, आणि व्हावंच. साहेबाला आपली माणसं नमुन्यांसारखी खणाखणांत मांडून ठेवायची होती, ती नजर त्यात स्पष्ट आहे. पण त्या घडवणारे हात इथलेच होते. पगडीचा पीळ, धोतराचा सोगा, कोळ्याचं रुमाल बांधणं यात चूक सापडत नाही. एकाच काचेत राज्यकर्त्याची नजर आणि कारागिराचं कसब दोन्ही दिसतात. पाच मिनिटांत पुढे सरकणाऱ्या सहलीला त्यातलं एकही दिसत नाही.

बाहेर अंगणात दोन जनावरं आहेत. एक दगडी हत्ती. घारापुरीच्या बंदराजवळ हा उभा होता आणि त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचं ठरलं, उचलताना कोसळला, फुटला, म्हणून राहिला. तुकडे बागेत आणून पुढे १९१४ साली जोडले. दुसरा घोडा. फोर्टातल्या ‘काळा घोडा’ भागाला ज्याच्यामुळे नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली इथे हलवला. तेव्हा काळा घोडा पाहायचा तर भायखळ्याला यावं लागतं. फोर्टात २०१७ पासून आहे तो नवा, स्वारावाचूनचा.

आता नाट्यगृहांकडे. माटुंगा रोड स्टेशनच्या बाजूला अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचं यशवंत नाट्य मंदिर आहे. पूर्वेकडून झेड ब्रिज ओलांडला की चालत जाता येतं. दादरला शिवाजी मंदिर १९६५ पासून आहे. प्रभादेवीला टागोरांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने झालेलं रवींद्र नाट्य मंदिर. परळचं दामोदर नाट्यगृह तर १९२२ चं, ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावासाठी उभारलेलं. पाळी सुटलेल्या कामगारांनी तिथे नाटकं केली, कोकणातल्या चाकरमान्यांनी नमनं आणि दशावतार केले. २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी ते बंद झालं. नव्या इमारतीत नाट्यगृह किती आसनांचं होतं आणि त्याचं भाडं गावच्या मंडळांना परवडतं का, याकडे लालबाग-परळवाल्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं.

मराठी नाटकाची चालच मुळी वेगळी आहे, ती समजली की आपल्या सवयीचं कोडं उलगडतं. लंडनमध्ये व्यावसायिक नाटक एका नाट्यगृहात मुक्काम ठोकतं. ‘द माउसट्रॅप’ १९५२ च्या नोव्हेंबरपासून तिथे चालू आहे. १९७४ मध्ये एकदा शेजारच्या नाट्यगृहात हललं आणि कोविडात थांबलं एवढंच. नेपथ्य रोज उभंच. बघणारा नाटकाकडे जातो, त्यात परगावचे आणि परदेशीही पुष्कळ. आपल्याकडे नाटकच बघणाऱ्याकडे जातं. नाट्यगृहाच्या तारखा निर्मात्यांना वाटून दिल्या जातात, त्याही सकाळ, दुपार, रात्र अशा सत्रांत. शनिवारी दुपारी शिवाजी मंदिर, रविवारी सकाळी ठाण्याचं गडकरी, दुपारी पार्ल्याचं दीनानाथ. प्रयोग संपला की बॅकस्टेजची मुलं तासाभरात भिंती, दारं, सोफा उतरवून टेम्पोत घालतात, कारण पुढच्या सत्राचा संच दारात उभा असतो. नेपथ्यकाराला म्हणूनच घडीचं घर उभारावं लागतं.

याचा परिणाम असा की आपलं नाटक सतत आपल्या आसपास असतं. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींवर नजर टाकली की या रविवारी ‘यशवंत’ला काय आहे ते कळतं. अ‍ॅपवर बुकिंग होत असलं तरी खिडकीवर जाऊन प्लॅन पाहायचा, ‘मधली द्या हो’ म्हणायचं, ही मजा अजून सुटलेली नाही. पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसरी घंटा. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत पहिल्या अंकाचं परीक्षण ऐकायला मिळतं, तेही छापील परीक्षणापेक्षा रोखठोक. नटही हे ओळखून असतात. प्रशांत दामले यांनी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आपला १२,५०० वा प्रयोग माटुंग्याच्या षण्मुखानंदमध्ये केला. एवढे प्रयोग पुन्हा येणाऱ्या प्रेक्षकाशिवाय होत नाहीत.

षण्मुखानंद हे खरं तर मराठी नाटकाचं घर नव्हे. माटुंग्यात येऊन वसलेल्या दाक्षिणात्य मंडळींनी आपल्या सभा १९५२ साली एकत्र केल्या आणि १९६३ मध्ये अडीच हजारांवर आसनांचं हे सभागृह उघडलं. १९९० च्या आगीत ते जळालं. १९९८ साली पुन्हा उभं राहिलं. कर्नाटक संगीत कळत नाही म्हणून तिकडे न फिरकणारे माटुंगेकर मला माहीत आहेत. इडली कळायला तरी कुठे काय लागलं होतं?

आणखी एक जागा सांगायला हवी. दादरची छबिलदास शाळा. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांच्या ‘आविष्कार’ने १९७४ पासून त्या शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं केली. धड रंगमंच नाही, खाली स्टेशनबाहेरच्या बाजाराचा गलका वर येतो, खुर्च्या मोजक्या. तरी मराठी प्रायोगिक रंगभूमीला ‘छबिलदास चळवळ’ हे नाव तिथूनच मिळालं. हाकेच्या अंतरावर शिवाजी मंदिरात धंद्याचं नाटक आणि इथे जिन्याने वर गेलं की हे, असा शेजार होता. प्रेक्षकही पुष्कळदा तेच असायचे.

आता पुन्हा संग्रहालयांकडे. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाबद्दल बहुतेकांना काहीतरी माहीत असतं. १९०५ मध्ये कोनशिला बसली, आराखडा जॉर्ज विटेट यांचा, इमारत तयार झाली तर महायुद्ध आलं आणि तिचं लष्करी रुग्णालय झालं. संग्रहालय म्हणून दार उघडलं ते १९२२ च्या जानेवारीत. बाहेरचा दगड आपल्याच आसपासचा आहे, कुर्ल्याचा काळसर आणि मालाडचा पिवळसर. घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या वळणाचा. आणि त्या घुमटाखाली मान वर केली तर नाशिकच्या एका वाड्याचं कोरीव लाकूडकाम दिसतं. लोक तिथूनच तिकीट दाखवून पुढे जातात, मान वर करत नाहीत.

या संग्रहालयात सगळं पाहायला जाणं हीच चूक आहे. मीरपूरखासची मातीची शिल्पं घ्या. सिंधमधल्या बौद्ध स्तूपाची ही शिल्पं हेन्री कझिन्स यांनी १९०९-१० मध्ये खणून काढली. ती मुंबईत कशी? तर १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. हातात कमळं घेतलेल्या त्या भक्ताच्या केसांचे वळसे जवळून पाहा. किंवा असिरियाचे शिल्पपट. इराकमधल्या निमरूदला राजा अशुरनसिरपाल दुसरा याच्या महालाच्या या भिंती, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या. तिथल्या उत्खननातला माल बसऱ्याहून जहाजाने मुंबईमार्गे लंडनला जात असे. त्यांचे भाऊबंद ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, ते पाहायला आपली मंडळी लंडनच्या सहलीत आवर्जून जातात आणि फोटो काढतात. चर्चगेटहून चालत जाण्याच्या अंतरावर तेच आहे.

संग्रहालय बदलत नाही, हा समजही इथे टिकत नाही. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय यांच्याबरोबर ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ हे प्रदर्शन भरलं होतं. २०२३ च्या डिसेंबरात ग्रीस, रोम, इजिप्त, असिरियाची शिल्पं लंडन, बर्लिन आणि अमेरिकेहून आली आणि आपल्या मूर्तींच्या शेजारी उभी राहिली. अशा प्रदर्शनाला मुदत असते, ती संपली की वस्तू पेटीत बंद होऊन परत जातात. प्रयोग बंद होण्याआधी आपण नाटक गाठतो, तसं हे गाठायला हवं होतं. किती जणांनी गाठलं?

शेजारची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ सालची, प्रवेश फुकट. तिथली प्रदर्शनं साधारण आठवड्याची असतात. बहुतेक मंगळवारी लागतात आणि सोमवारी उतरतात. चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो. ही जागा मिळायला त्याने वर्षानुवर्षं वाट पाहिलेली असते आणि त्याला विचारलं तर तो आनंदाने बोलतो. ‘हे काय आहे?’ असं विचारू नका, ‘हे कसं केलंत?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाने तो मिटतो.

मला वाटतं, आपल्याला संग्रहालयापासून तोडलं ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे शाळेची सहल: दोघादोघांच्या रांगा, हात लावू नका, पुढे चला, वहीत लिहून घ्या. नाटक आपल्याला आईवडिलांनी दाखवलं, संग्रहालय बाईंनी दाखवलं. दुसरी म्हणजे पैसे वसूल करण्याची वृत्ती. तिकीट काढलंय तर सगळी दालनं झालीच पाहिजेत. ब्रिटिश म्युझियमच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही, त्यामुळे लंडनचा माणूस जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास एकच दालन पाहून कामावर परततो. आपल्याकडे तिकीट आहे. पण भायखळ्याचं तिकीट नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेच्या तिकिटापेक्षाही पुष्कळ स्वस्त आहे. एवढ्या पैशांत अर्धा तास थांबून निघून येणं कुणालाही परवडेल.

तेव्हा या रविवारी दुपारच्या प्रयोगाचं तिकीट काढलंच असेल, तर सकाळी भायखळ्याला उतरा. एखादं मूल बरोबर घ्या. त्याला वही देऊ नका, घाई करू नका आणि त्याला आवडेल त्या एकाच काचेपुढे त्याला हवं तितकं उभं राहू द्या. निघण्यापूर्वी संग्रहालय चालू आहे ना, याची फोनवर खात्री करा, जुन्या इमारतींची दुरुस्ती कधीही निघते. रविवार जमत नसेल तर दुसरा कोणताही वार निवडा, फक्त बुधवार नको. त्या दिवशी ते बंद असतं.